बाळ गप्प झालं तेव्हा

“बाळाभोवतीचं पाणी बरंच कमी झालंय,” डॉक्टरबाई म्हणाल्या. नजर सोनोग्राफीच्या पडद्यावरच होती. “तुम्हाला आज घरी सोडता येणार नाही.”

मला आठवा महिना होता. मे महिना, तोही सोलापूरचा. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि मी त्या थंड खोलीत थरथरत होते. पाणी कमी म्हणजे किती, आता पुढे काय, बाळ आहे ना, यातलं एकही मला विचारता आलं नाही. नुसतीच “बरं” म्हणाले. दुकानदाराने माल संपला म्हटल्यावर आपण म्हणतो तसं.

या अवस्थेला ऑलिगोहायड्रॅम्निऑस म्हणतात. नाव तोंडात बसत नाही, पण अर्थ सोपा आहे. बाळ पोटात ज्या पाण्याच्या पिशवीत असतं, तिच्यातलं पाणी घटतं. कारणं बरीच असू शकतात. डॉक्टरबाईंनी माझी जीभ पाहिली, लघवीचा रंग विचारला, ब्लडप्रेशर घेतलं. ते ठीक होतं. मग म्हणाल्या, “तुम्हाला डिहायड्रेशन झालंय. तुमच्याच अंगात पाणी उरलं नाही, तर बाळाला कुठून मिळणार? दिवसभरात पाणी किती पिता?”

मी आत्यांकडे पाहिलं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांनी पदर तोंडाला लावला होता.

आमचं घर भवानी पेठेत, वर पत्रा. घरातच शाळेच्या गणवेशांची शिलाई चालते. शाळा जूनमध्ये उघडतात, म्हणून ऐन उन्हाळा हाच आमचा हंगाम. कापलेल्या बाह्या आणि कॉलरी मापाप्रमाणे थप्प्या लावून ठेवतात, प्रत्येक थप्पीवर मापाची चिठ्ठी. पंखा लावला की चिठ्ठ्या उडतात आणि अठ्ठावीसची बाही तिसाच्या शर्टाला जाऊन बसते. म्हणून काम सुरू असताना पंखा बंद. शेजारी, कॉलर ताठ राहावी म्हणून आत जे जाड बकरमचं कापड घालतात, ते चिकटवायची इस्त्री तापलेली. याचं आमच्यात कुणाला काही वाटत नाही. सोलापुरात उन्हाची तक्रार केली की लोक पुण्याहून आलात का असं विचारतात.

सातव्या महिन्यात माझे पाय सुजायला लागले. आत्या मोहोळकडच्या. त्यांनी माझ्या घोट्यावर बोट दाबलं, पडलेला खळगा पाहिला आणि निकाल दिला.

“पायात पाणी उतरलंय गं. आता वरनं आनखी वतू नगंस. घोटभर पी, बास.”

त्या दिवसापासून माझ्या मशीनजवळचा तांब्या गेला. ताक बंद, कलिंगड बंद, बाळाला सर्दी होते म्हणे. बाकी लाडाला कमी नव्हतं. शेंगदाण्याचे लाडू हातात आणून द्यायच्या. पण पाणी मागितलं की त्यांचा चेहरा कसनुसा व्हायचा. मला राग यायचा, तरी वाटायचं, बाई अनुभवी आहे, तिला माहीत असणार.

डोकं दुखायचं. पिंढऱ्यांत गोळे यायचे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी. लघवी गडद पिवळी, तीही थोडीशीच. हे सगळं मी हंगामाच्या खात्यावर टाकलं. तुमच्यापैकी कुणी तसं करत असेल तर करू नका, एवढंच सांगायला मी हे लिहायला बसले आहे.

आणि मग ती दुपार. जेवण झालं की बाळ लाथा मारायचं, इतक्या की मांडीवरचं कापड हलायचं. त्या दिवशी काहीच नाही. मी कूस बदलली, गोड खाल्लं, पोटावर हात ठेवून बसले. पोट गप्प. आत्यांना सांगितलं तेव्हा वाटलं, म्हणतील, झोपलं असेल. पण त्यांचा रंगच उडाला. हातातला शर्ट तिथेच टाकून त्या अनवाणी रस्त्यावर गेल्या आणि रिक्षा थांबवली.

दवाखान्यात आधी एनएसटी केली. पोटाला दोन पट्टे बांधतात आणि बाळाच्या हृदयाचे ठोके यंत्रावर ऐकतात. सिस्टर पट्टा इकडे सरकवत होती, तिकडे सरकवत होती, आणि यंत्रातून नुसती खरखर. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात बाळाशिवाय घरी परत गेले, पाळणा माळ्यावर टाकला, शेजारणींना तोंड दिलं. मग धाडधाड ठोके आले. मी मोठ्याने रडले.

त्यानंतरच ती सोनोग्राफी झाली. सलाईन लागलं. डाव्या कुशीवर झोपायचं, पाणी आणि ओआरएस पीत राहायचं, बाळाची हालचाल सिस्टरला सांगत राहायची. “पाणी वाढलं नाही किंवा ठोके बिघडले, तर सिझेरियन करावं लागेल,” डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं. “मग बाळ काही दिवस काचेच्या पेटीत राहील.” म्हणजे सगळं आता दुसऱ्या सोनोग्राफीवर होतं.

दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीच्या खोलीबाहेर नंबर लावून बसलो होतो. माझे यजमान औषधं आणायला खाली गेले होते. माझ्या मनात आत्यांबद्दल इतका राग साचला होता की मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. त्याच आपणहून बोलल्या, समोरच्या भिंतीकडे बघत.

“तुज्या नवऱ्याच्या आदी मला एक झालं हुतं. असाच उन्हाळा. पाय असंच सुजलं हुतं. मग एक दिस पोट गप झालं. मी सासूला सांगितलं, तर समदी म्हणली, निजलंय, बरं हाय की. कुनी न्हेलं न्हाय मला. मेलेलं झालं पोरगं. मग म्हणली, तू लई पाणी पीत हुतीस, त्यात बुडालं.”

मी त्यांच्याकडे वळले.

“म्हणून दीत नव्हते गं तुला पाणी. वैरीण न्हाय मी तुजी.”

माझा राग कुठे गेला कळलंच नाही. मी त्यांचा हात धरला.

सोनोग्राफीत पाणी थोडं वाढलेलं दिसलं. डॉक्टरबाई ते सांगत असताना आत्यांनी मध्येच विचारलं, “डॉक्टरीणबाई, पाण्यात पोर बुडत न्हाय व्हय?”

डॉक्टरबाईंना आधी कळलं नाही. मी सांगितलं. त्या आत्यांजवळ येऊन बसल्या. “नाही आजी. पोटातलं बाळ पाण्याने बुडत नाही. तुमच्या बाळाला काय झालं होतं, ते आज मी सांगू शकत नाही. पण तुम्ही पाणी प्यायलात म्हणून ते गेलं नाही.”

आत्या रडल्या नाहीत. कुणी डोक्यावरचा भारा उतरवून घ्यावा तशा नुसत्या बसून राहिल्या.

पाणी पुरेसं भरल्यावर मला घरी सोडलं. तेव्हापासून थप्प्यांवर वरवंटा, अडकित्ता, लोखंडी कात्री असं मिळेल ते वजन असतं आणि पंखा चालू. पाय स्टुलावर. तांब्या मशीनशेजारी, आणि तो भरायचं काम आत्यांचं. मी पुरे म्हटलं तरी त्या ओततात. सुजेबद्दल डॉक्टरबाईंचं म्हणणं असं, की गरोदरपणी पाय थोडे सुजतात, त्यासाठी पाणी तोडायचं नाही. पण सोबत डोकं फार दुखलं, नजर धूसर झाली, तर त्याच दिवशी दवाखाना. आणि बाळाची हालचाल कमी वाटली तर कुणाची परवानगी विचारत बसू नका. उठा आणि जा.

मुलगी झाली, दिवस भरून. तिने पहिल्या दिवसापासून असा काही सूर लावला की सारा वॉर्ड जागा. माझी आई तिला खांद्यावर घेऊन थोपटत होती, गप्प गं बाई, गप्प म्हणत होती.

आत्या उठल्या आणि त्यांनी पोर आपल्या हातात घेतली.

“रडू द्या की वो तिला,” त्या म्हणाल्या. “गप नगा करू.”