दार लावून घेणारी चांगुणाआत्या

हळदीच्या दिवशी चांगुणाआत्या नवरीच्या खोलीचं दार आतून लावून घ्यायची. नवरीच्या आईलासुद्धा आत येऊ द्यायची नाही. बाहेर बेंजो वाजत असायचा, बायका दारावर थापा मारत असायच्या आणि ही आतून ओरडायची, "थांबा गो, हलद काय पलून नाय जात!"

ती आमच्या चामटोलीची धवलारीण. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजींच्या मंत्रांइतकाच मान धवल्यांना, आणि ते गात गात एकेक विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. ती माझी सख्खी आत्या नव्हती. गावातल्या सगळ्याच पोरींची आत्या होती. सदुसष्ट वर्षांची, विधवा, सावळी, ताठ. गुडघ्याशी आवळलेलं लुगडं, डोळ्यांत काजळ, अंबाड्यात मोगरा. ती रस्त्यानं निघाली की म्हातारे पुरुषही बोलता बोलता थांबायचे. गाव तिच्याबद्दल दोन तोंडांनी बोलायचं. लग्नात पहिला मान तिचा, आणि मांडव उतरला की, "या वयात काजळ कोणासाठी?"

माझ्या हळदीला मी पंचवीस वर्षांची होते, बदलापूरला शाळेत शिकवत होते. ही मला काय शिकवणार, असंच वाटत होतं. तिनं कडी लावली आणि माझे पाय मांडीवर घेतले.

"भ्या वाटते?"

"नाही."

"खोटा नको बोलू. पाय थंडगार हायेत तुझं."

मग ती जे बोलली त्यातलं बरंचसं मी इथे लिहिणार नाही. शेवटचं मात्र लिहिते. "अंग तुझा हाय. मनात असंल तर हो बोल, लाजू नको. मनात नसंल तर नाय बोल, भिऊ नको. जिला नाय बोलता येते, तिलाच हो बोलाची मजा कलते."

मी वांगणीला नांदायला गेले. निलेश अंबरनाथच्या कारखान्यात सुपरवायझर. लग्नाआधी आम्ही तीनदा भेटलो होतो, तेही माणसांच्या घोळक्यात. पहिल्या रात्री मी नाही म्हटलं. तो कूस बदलून झोपला. दुसऱ्या रात्रीही तसंच. चौथ्या दिवशी तो वहिनीजवळ काहीतरी बोलला आणि जेवणाच्या वेळेपर्यंत ते सगळ्या घराला माहीत झालं.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात उभं केलं. "हे तुला कोणी शिकवलं?"

मी घाबरले आणि आत्याचं नाव सांगून मोकळी झाले.

रविवारी मला घेऊन दोन गाड्या भरून माणसं चामटोलीला आमच्या अंगणात आली. निलेश, सासूबाई, चुलतसासरे, आणखी चार-पाच जण. बाबा हात जोडून उभे. आत्याला बोलवायला तेच गेले. वाटेतच बाबांनी तिला विनवलं होतं, "माफी माग आणि मिटव. पोरीचा संसार हाय." ती आली, नेहमीसारखी, गजरा माळून.

चुलतसासरे खुर्चीवरून न उठताच म्हणाले, "पोरींना नवऱ्याला नाय बोलायला शिकवतेस? सगळ्यांची घरं मोडायची आहेत का?"

आत्यानं त्यांच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे वळली. "दीपा, मी काय सांगितला ता सांग. पुरा सांग, अर्धा नको."

"दीपा, आत जा," बाबा म्हणाले.

पण मी आत गेले नाही. तिचे शब्द जसेच्या तसे म्हणून दाखवले, दोन्ही बाजूंचे. मजेपर्यंत आल्यावर ओटीवरच्या बायकांत कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

सासूबाई भडकल्या. "नवरा जाऊन अठरा वर्षं झाली हिला! लाज वाटत नाही असलं बोलायला?"

"नवरा गेला, बाय," आत्या शांतपणे म्हणाली. "अंग माझा कुठं गेला नाय. तुझा गेला काय?"

सासूबाईंनी पदर खांद्यावरून पुढे ओढून घेतला.

चुलतसासरे ताडकन उठले. "आमच्या भावकीतल्या एकाही लग्नात ही बाई दिसणार नाही. आणि पोरगी राहू दे इथंच!"

बाबा त्यांच्या पायांशी वाकायला निघाले तेव्हा निलेश मध्ये आला. आतापर्यंत तो भिंतीला टेकून उभा होता. "काका, तुम्ही गाडीत बसा," म्हणाला. मग आत्याजवळ जाऊन ओटीच्या पायरीवर बसला. "मला कोणी काहीच सांगितलं नाही हो. मित्रांनी मोबाइलवर दाखवलं, तेवढंच."

आत्या त्याच्याशेजारी टेकली. "मंग बस. आधी च्या घे."

अर्धा तास ती त्याच्याशी हळू आवाजात बोलली. काय बोलली, ते त्यानं मला अजून सांगितलेलं नाही. उठला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. तो मला घेऊनच परत निघाला आणि गाडीत हळूच एवढंच म्हणाला, "मी विचारत जाईन. तू खरं सांगत जा." हो म्हणायला मला दीड महिना लागला.

चुलतसासऱ्यांनी शब्द खरा केला. आधी त्यांच्या भावकीनं तिला बोलावणं बंद केलं, मग इतरांनी. हळदीला स्पीकरवर धवले वाजू लागले. एकदा मी तिच्यापुढे रडले, तुझं नाव घ्यायला नको होतं म्हणाले. ती म्हणाली, "तू नाव नसता घेतला, तर तो पोरगा माझ्याजवल येता काय?"

शेवटी ती मांजर्लीला लेकीच्या फ्लॅटमध्ये अंथरुणावर होती. मी भेटून आले आणि पंधरा दिवसांत ती गेली. लेक जिवापाड करत होती. पण तिनं आईला गाऊन चढवला होता, आणि धुवायला सोपे म्हणून केस मानेपर्यंत कापले होते. लेक चहा टाकायला गेली तशी आत्या म्हणाली, "गोल्या येलेवर देतात. जेवन देतात. पन हात कोन लावत नाय, दीपा."

मी न्हाणीघरातून खोबरेल तेलाची बाटली आणली. तिला कुशीवर वळवलं, गाऊनची बटणं सोडली आणि पाठीवर हात ठेवला. कातडी कागदासारखी झाली होती, खाली एकेक मणका लागत होता. माझा हात बिचकला.

"भितेस कशाला?" ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "जोरानं चोल. मी अजून हाय."