कणसाच्या देठाशी माझी खूण

निघोज्याच्या वळणावरच्या हॉटेलवाल्याने मला फसवलं. तो माझ्याच तालुक्यातला आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण मी फसलो तो त्यापायीच.

माझं भोसरीत पाट्यांचं दुकान आहे. त्याआधी मी एका फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न कोरायचो. पॅटर्न म्हणजे लोखंड ओतण्याआधी वाळूत ज्याचा ठसा घेतात तो नमुना. त्याच्यावर पटाशी घसरून ओरखडा पडला, तर तो पुढच्या प्रत्येक नगावर उतरतो. हे मी शिव्या खाऊन शिकलो. फाउंड्रीने लाकडी पॅटर्न बंद केले, तेव्हा हत्यारांची पिशवी घेऊन बाहेर पडलो आणि पाट्या करायला लागलो. कुणी हात दिला नाही, मी मागितलाही नाही. माझ्या प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात पटाशीचे तीन घाव असतात, चिमणीच्या पावलासारखे. दुकानाचं नाव लोक विसरतात, ही खूण विसरत नाहीत. कंपन्यांची माणसंसुद्धा ‘ते चिमणीवाले कुठे बसतात’ असंच विचारत येतात.

हॉटेलवाल्याला ज्वारीचं कणीस कोरलेली मोठी पाटी हवी होती. काळी पाठ, त्यावर पिवळं कणीस.

“लाकूड घेऊ का फोम?” त्याने विचारलं.

मी दोन्ही विकतो, त्यामुळे खोटं बोलायचं कारण नव्हतं. कडक फोमचा तुकडा त्याच्या हातात दिला. दिसायला फळी, वजनाला पाव. म्हटलं, “याला वाळवी लागत नाही, पाणी पीत नाही, कुजत नाही. पण स्क्रू नीट धरत नाही, मागे लोखंडी चौकट लागते. आणि काळा रंग उन्हात तापला की हा फुगायला लागतो. त्यात तुमच्या वळणावरून दिवसभर कंटेनर जाणार, त्यांचा वारा पाटीला हाणणार.”

“आन् सागवान?”

“ते सगळं सोसतं. फक्त वर्षातून एकदा उतरवून तेल पाजायचं.”

“एवढे लाड मी बायकोचे करत नाही, भाऊ.”

“म्हणूनच हॉटेलात जेवता.”

तो खदाखदा हसला. मग घासाघीस सुरू झाली. ती मला आवडते. समोरचा चहा नाकारायला लागला की समजावं, भाव जुळत आला. याने चहा पुन्हा मागवला, म्हणजे भाव अजून लांब होता.

त्याला पटावं म्हणून मी वीतभर सागवानात एक कणीस कोरून ठेवलं होतं. देठाशी माझी खूण. “हे घरी दाखवतो, लगेच आणून देतो,” तो म्हणाला. दुसरा कुणी असता तर नमुना उंबऱ्याबाहेर गेला नसता. पण त्याने बोलता बोलता आमच्या आठवडी बाजारातल्या भज्यांची गोष्ट काढली, ती कुठल्या झाडाखाली मिळतात तेही सांगितलं. आपल्याकडच्या माणसाकडून काय लिहून घ्यायचं? कणीस वर्तमानपत्रात गुंडाळून मीच त्याच्या हातात दिलं.

तो परत आला नाही. काही दिवस फोनवर “घरात विचार चाललाय” म्हणाला, मग फोन उचलणं बंद केलं. मीही नाद सोडला.

उन्हाळा सरला आणि एका शाळेचे ट्रस्टी आले. त्यांच्या फाटकासाठी सागवानी पाटी ठरली होती. खुर्चीवर न बसताच म्हणाले, “तूर्त थांबू या. निघोज्याला तुमचं काम बघितलं. खाली खूण आहे तुमची. सगळं फुगलंय हो. शाळेच्या नावाचं तसं व्हायला नको.”

निघोज्याला मी काहीच केलं नव्हतं. मोटरसायकल काढली.

लांबून मलाही ते लाकूडच वाटलं, हे लिहिताना जड जातं. जवळ गेल्यावर कळलं, फोम. माझं वीतभर कणीस स्कॅन करून, माणसाच्या उंचीचं करून, मशीनवर कापलं होतं. काळ्या पाठीवर दाणे फुगून एकमेकांत घुसले होते. वरचं टोक स्क्रूपाशी फाटलेलं, तारेने आवळलेलं. आणि देठाशी माझे तीन घाव, कणसाबरोबर वाढून पंजाएवढे झालेले.

हॉटेलवाला गल्ल्यावर होता. “या भाऊ, भाकरी टाकायला सांगू?”

“माझं कणीस कुठंय?”

“आसंल घरात. पोरं खेळत्यात त्याच्याशी.”

“आणि हे वरचं?”

“तुमच्याच भोसरीतल्या मशीनवाल्याने केलं. त्याला म्हणलं, हे असंच मोठं कर. त्याने केलं. तुमची तर फुकटात जाहिरात झाली की.”

मग मी जे बोललो ते लिहिण्यासारखं नाही. जेवणारे हात थांबले. मी मोटरसायकलच्या पिशवीतून पटाशी काढली, स्टूल ओढलं आणि म्हणालो, “खूण तेवढी तासून नेतो, बाकी तुझं तुला.”

तो स्टुलासमोर येऊन उभा राहिला. “बोर्ड माझा हाय. पटाशी लावली तर तोडफोडीची तक्रार करीन. एवढी माणसं बघत्यात.”

खरंच बघत होती. शिफ्ट सुटलेली, भुकेली माणसं. त्यांच्या डोळ्यांसमोर हत्यार घेऊन चढलेला माणूस मीच होतो. मी खाली उतरलो.

शाळेने काम दुसऱ्याला दिलं. आता दुकानात येणारे विचारतात, “निघोज्याचं तुमचंच ना?” मी सगळं समजावून सांगतो आणि माझं मलाच ऐकू येतं, की हा माणूस सबबी देतोय. वकिलाने खुणेच्या नोंदणीचा कागद मागितला. पटाशीच्या तीन घावांचा कागद कुठून आणू?

तिथे लाकूड असतं आणि तेल मिळालं नसतं, तर ते करडं पडलं असतं, भेगाळलं असतं. बघणाऱ्याला कळलं असतं की मालकाने हयगय केली. फुगलेल्या फोमकडे बघून मालक कुणाला आठवत नाही, कारागीर आठवतो. आणि तो कुजणारही नाही. हे मीच त्याला सांगितलं होतं.

मला भरपाई नको. हॉटेलवाल्याने जेवायला बसलेल्या माणसांसमोर एकदा सांगावं, ही पाटी माझ्या हातची नाही म्हणून. आणि भोसरीतल्या त्या मशीनवाल्याने पुढे यावं. कटर देठाशी पोचला तेव्हा तो शेजारीच उभा असणार. ती खूण कुणाची, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मग त्याने मशीन का थांबवलं नाही, याचं उत्तर मला त्याच्या तोंडून हवं आहे.