परमिट रूमचं बाजूचं दार

बाबा रोज संध्याकाळी "आय ॲम गोइंग फॉर वॉकिंग" असं मला सांगून बाहेर पडायचे आणि तोंडाला बडीशेपेचा वास घेऊन परत यायचे. आई होती तेव्हा तीही आल्यागेल्याला हेच सांगायची, "हे वॉकिंगला गेलेत." ते कुठे चालतात हे आमच्या कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं. गल्लीच्या टोकाला एक जुनी परमिट रूम आहे. बाबा तिथपर्यंत चालत जायचे, तिथे बसायचे आणि चालत परत यायचे. म्हणजे आई अगदीच खोटं बोलत होती असं नाही.

बीडमधला हा भाग आता बड्या लोकांचा समजला जातो. डॉक्टर, वकील, ठेकेदार, दोन पुढारी. ग्रॅनाइट लावलेले खांब, काळ्या काचांच्या गाड्या. परमिट रूम मात्र या सगळ्यांच्या आधीची आहे. इथे शेतं होती तेव्हा ती शेताच्या कडेला होती. मग भोवताली बंगले उठले आणि ती तशीच राहिली. वर पत्रे, अंगणात कडुलिंब, खिडकीत घरघरणारा कूलर. दर्शनी बोर्डाखाली एक बाण काढून लिहिलंय, 'फॅमिलीसाठी बाजूने'. त्या बाजूच्या दाराने मी एकदाच आत गेले, मागच्या उन्हाळ्यात, आणि तेही एकटी.

बाबा जनावरांचे डॉक्टर. त्यांच्या नोकरीची बरीच वर्षं शिरूर कासारकडच्या दवाखान्यात गेली. मला शहरातल्या इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा तिथल्या बाईंनी पालकांना सांगितलं होतं की घरीही मुलांशी इंग्रजीतच बोला. आईने ते कानाआड केलं. बाबांनी मात्र मनावर घेतलं. त्यांना जेवढं येत होतं तेवढं ते माझ्याशी बोलायचे. कम. सिट. ईट. गुड. आई म्हणायची, "अहो, लेकीशी बोलताय का कुत्र्याशी?" बाबा लाजायचे, पण बदलले नाहीत. माझी शाळा संपली, कॉलेज संपलं, मी बंगळुरूला नोकरीला लागले, तरी आमच्या दोघांमधली ती सवय तशीच राहिली. बाकीचं सगळं आईकडून यायचं. "बाबा म्हणतायत, दिवाळीला दोन दिवस आधी ये." "बाबा विचारतायत, तिकडं नीट खातेस का?"

आई गेल्यावर मी घरून काम करायची परवानगी काढून बीडला आले. बाबांना एकटं ठेवायचं नाही म्हणून आले, आणि मग आम्ही दोघंही एकेकटे एका घरात राहू लागलो. मी वरच्या खोलीत हेडफोन लावून बसायचे. खाली टीव्ही चालू असायचा. जेवताना बाबा विचारायचे, "वर्क?" मी म्हणायचे, "गुड." शाळेतल्या मैत्रिणी लग्नं करून पुण्याला, औरंगाबादला गेलेल्या. किराणा दुकानात माझं मराठी ऐकून दुकानदार माझ्याशी हिंदीत बोलायचा. कधी कधी संध्याकाळ झाली की लक्षात यायचं, आज कामाव्यतिरिक्त आपण तोंड उघडलेलंच नाही.

एक गोष्ट मात्र रोज व्हायची. आमच्या फाटकासमोर उतार आहे आणि मला स्कूटी मागे घेता येत नाही. मी ती नेहमी तोंड भिंतीकडे करून लावायचे. सकाळी बघावं तर ती रस्त्याकडे तोंड करून उभी असायची. बाबा उठल्या उठल्या वळवून ठेवायचे. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत आणि मीही नाही.

मग ऑफिसची मेल आली. पुढच्या महिन्यापासून सगळ्यांनी बंगळुरूला हजर व्हायचं. ज्यांना घरची अडचण आहे त्यांनी सोमवारपर्यंत कळवावं, म्हणजे मुदत वाढवून मिळेल. बाबांची तब्येत चांगली होती. अडचण म्हणावी तर होती, नाही म्हणावी तर नव्हती. मी नाश्त्याच्या वेळी त्यांना सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"व्हेरी गुड," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने पुन्हा, "गुड, गुड."

आई असती तर तिने रात्री माझ्या खोलीत येऊन सांगितलं असतं, तो 'व्हेरी गुड' खरा होता की कसा. मला तेवढंच हवं होतं. त्यांना मी राहायला हवी असेन तर मी राहणार होते. नको असेन, किंवा माझ्यामुळे त्यांनाच घरात अवघडल्यासारखं होत असेल, तर जाणार होते. त्यांना सरळ विचारायची माझी हिंमत नव्हती. विचारलं असतं तरी पुन्हा 'गुड'च ऐकायला मिळालं असतं. मग मला सुचलं की ते मित्रांजवळ बोलत असतील. आणि मित्र कुठे बसतात हे तर सगळ्या कॉलनीला माहीत होतं.

रविवारी ते वॉकिंगला गेल्यावर थोड्या वेळाने मी स्कूटी काढली. चालत जाण्याएवढंच अंतर होतं, पण चालत गेले असते तर वाटेत चार फाटकांतून चार जणींनी विचारलं असतं. परमिट रूमच्या अंगणात कडुलिंबाखाली भिंतीला तोंड करून स्कूटी लावली, डोक्यावरून ओढणी घेतली आणि बाणाच्या दिशेने निघाले.

बाजूच्या दाराची वाट हॉलच्या खिडकीखालून जाते. तिथे मी थांबले. आतून एक मोकळा, मोठा आवाज येत होता, आणि तो बाबांचा आहे हे कळायला मला क्षणभर वेळ लागला.

"आता ती बाई गेली कारखान्यावर, ऊस तोडायला. इकडं म्हैस धरनं धरून बसली! वैरण न्हाई, पाणी न्हाई, धार तर लांबच. नवरा आला माझ्याकडं रडत. म्हनला, साहेब, हिला काय झालं? म्हनलं, काय झालं न्हाई बे, तिला तुझी बायको पाहिजे!"

हॉलमध्ये हशा पिकला. कोणीतरी टेबलावर थाप मारली.

"ऐका तर. दुसऱ्या दिवशी मी गोठ्यात गेलतो. बघतो तर काय, गडी बायकोचं लुगडं नेसून, पदर घेऊन धार काढाय बसलेला! मिशा ह्या एवढ्या. म्हैस एकदा लुगड्याकडं बघतीया, एकदा मिशांकडं..."

मी खिडकीखाली उभी राहून हसले. तोंडावर हात ठेवून, एकटीच. माझ्या जन्मापासून हा माणूस आमच्या घरात राहत होता आणि मी त्याला कधी भेटले नव्हते. मला तिथेच उभं राहायचं होतं. पण फाटकावरचा वॉचमन माझ्याकडे बघायला लागला. बाईमाणूस अशा ठिकाणी खिडकीखाली उभी राहिलेली कशी दिसते ते माझ्या लक्षात आलं आणि मी घाईने दारातून आत गेले.

आत प्लायवूडच्या आडोशांनी पाडलेले लहान लहान कप्पे होते, प्रत्येकाला निळा पडदा. बाकी सगळे रिकामे. मी हॉलला लागून असलेल्या कप्प्यात बसले. वेटर आला. वयस्कर होता, माझ्याकडे न बघता टेबलाशी बोलल्यासारखं बोलत होता.

"अजून कोन येनार हायेत का, मॅडम?"

"हो," मी म्हणाले. "येतायत."

त्याने दोन ग्लास पालथे घातले, लिंबू सोडा आणि मसाला पापड एवढं ऐकून घेतलं आणि हॉलच्या दारात जाऊन उभा राहिला. तिथे तो हलक्या आवाजात म्हणाला, "एक सोडा, एक मसाला पापड. फॅमिली हाय आत."

पलीकडचा आवाज तिथल्या तिथे खाली बसला. खुर्च्या सरकल्या. कोणाची तरी अर्धी शिवी तोंडातच राहिली. नंतर मला कळलं की आमच्याकडच्या जुन्या परमिट रूममध्ये ही रीतच आहे. बाजूच्या दाराने बाईमाणूस आलं की हॉलने आवाज कमी करायचा, वेडंवाकडं बोलायचं नाही, जाता-येता त्या पडद्याकडे बघायचं नाही. ती एकटी असली तरी फॅमिलीच.

"पुढं, डॉक्टर?" एकाने विचारलं. "म्हशीनं काय केलं?" हे बाबांचे सिरसाळ्याचे गुरुजी मित्र. त्यांचा आवाज मी फोनवर ऐकलेला होता.

"नंतर सांगतो," बाबा म्हणाले. आता त्यांचा आवाज घरातल्यासारखा झाला होता. "आत लेकीबाळी बसल्यात. ते ऐकन्यासारखं न्हाई."

मी पालथ्या ग्लासाकडे बघत बसले. ऐकायला आले होते मी, आणि मी आत पाऊल टाकल्यामुळेच ऐकण्यासारखं सगळं बंद झालं होतं. सोडा आला. पापडावरचा कांदा मऊ पडला. पलीकडे आता मोसंबीवर बोलणं चाललं होतं, कारण टेबलाशी तिसरे होते ते मोसंबीचे व्यापारी. ते पीत नाहीत, नुसता सोडा घेऊन मित्रांसाठी बसतात, हे आईने मला कधीतरी सांगितलेलं. त्यांनीच मधे विचारलं, "बिटिया का क्या हुआ डॉक्टर? जा रही क्या?"

मी पाठ प्लायवूडला टेकवली.

बाबा काहीतरी म्हणाले. बराच वेळ म्हणाले. पण खिडकीतला कूलर घरघरत होता आणि रीतीप्रमाणे त्यांचा आवाज खाली होता. मला एकही शब्द लागला नाही. मग गुरुजींचं ऐकू आलं, ते मास्तर असल्यामुळे त्यांना हळू बोलता येत नसावं.

"मग हे आमाला कावून सांगतो? तिला सांग की!"

"काय सांगू?" बाबा म्हणाले. "मला तेवढं इंग्लिश येत न्हाई."

दोघे मित्र हसले आणि आठवण झाल्यासारखे पटकन गप्प झाले. बाबा हसले की नाही ते मला कळलं नाही.

वेटर पडद्याबाहेरून खाकरला. "मॅडम, येनार होते ना कोनी?"

"उशीर होतोय त्यांना."

"असू द्या. बसा निवांत," तो म्हणाला आणि न मागता बडीशेपेची वाटी ठेवून गेला. त्या वासाने मला एकदम घरी जावंसं वाटलं.

पलीकडे बाबा उठले. निरोप झाले. हॉलमधून दर्शनी दाराकडे जायची वाटही कप्प्यांसमोरूनच होती, आणि पडद्याखालून मला त्यांच्या चपला दिसल्या, डाव्या अंगठ्याशी शिवलेल्या. त्या न थांबता गेल्या. ते पडद्याकडे बघणार नाहीत हे मला माहीत होतं. मी हाक मारली असती तर थांबले असते. कोणत्या शब्दाने मारायची ते ठरेपर्यंत अंगणातल्या खडीवर पावलं वाजली होती.

ते घरी पोचेपर्यंत वेळ जावा म्हणून मी थोडी बसून राहिले. मग बाहेर आले. कडुलिंबाखाली माझी स्कूटी रस्त्याकडे तोंड करून उभी होती.

मी किती तरी वेळ किल्ली हातात धरून उभी राहिले. वॉचमन म्हणाला, "ते डॉक्टरसाहेबांनी वळवून ठिवली. म्हनले, मॅडमला जमत न्हाई."

घरी आले तर बाबा टीव्हीसमोर बसले होते. बातम्या चालू होत्या, आवाज बंद होता. मी हात धुतले, समोरच्या खुर्चीवर बसले. इतक्या वर्षांत मी त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते, ती आईची होती. मी कुठून आले हे त्यांनी विचारलं असतं तर मला उत्तर द्यावं लागलं असतं, आणि बहुतेक म्हणूनच त्यांनी विचारलं नाही. मी विचारलं.

"म्हशीनं काय केलं मग?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टीव्हीकडे.

"द बफेलो," ते म्हणाले आणि थांबले. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "काय करनार? दोन दिवस बघितलं तिनं. लुगडं ओळखीचं, वास ओळखीचा. तिसऱ्या दिवशी दिली थोडी धार."

"गुरुजींना वेगळं सांगणार होतात."

"ते तुला सांगन्यासारखं न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांच्या ओठांच्या कडेला खिडकीपलीकडचा माणूस क्षणभर येऊन गेला.

"आणि ती बाई?"

"आली की. पट्टा पडल्यावर. कारखाना बंद झाला की सगळेच येतात." ते उठले. टीव्ही बंद केला. "तोवर निघतं कसंतरी. जनावराला काय, लागती सवय. आपन उगं तिच्यासाठी कामधंदा सोडून बसायचं नसतं."

दाराशी जाऊन ते वळले. आता पुन्हा 'गुड नाइट' येणार असं मला वाटलं.

"जेवून घे," ते म्हणाले. "पापडानं पोट भरत न्हाई."

ते झोपायला गेल्यावर मी वर गेले आणि ऑफिसला कळवलं की मला मुदत नको, मी हजर होतेय. खाली त्यांच्या खोलीतला दिवा बराच वेळ चालू होता. मला पायऱ्या उतरून खाली जावंसं वाटत होतं, पण आजच्यापुरतं आमचं बोलून झालं होतं, आणि त्याहून जास्त बोलायची आम्हा दोघांनाही सवय नव्हती.

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग घेऊन खाली आले. बसस्टँडला आम्ही रिक्षाने जाणार होतो. तरीही फाटकात स्कूटी वळवून ठेवलेली होती.