पोमाचा दुखवटा

घानातल्या आशांतींचे राजे 'गावाला गेले'. राजा मेला असं इथे कुणी तोंडातून काढत नाही. त्या दिवसापासून न्टोन्सो गावातल्या पोमाला श्वास घ्यायची फुरसत उरली नाही. सगळ्या मुलखाला शोकाची वस्त्रं हवी होती, आणि भोपळ्याच्या कवचाचे ठसे काळ्या रंगात बुडवून कापडावर उठवावेत ते पोमानेच. रेडिओ दिवसभर देशोदेशींचे शोकसंदेश वाचत होता.

पोमाची आई त्याच आठवड्यात गेली. पण राजांना निरोप देईपर्यंत दुसऱ्या कुणाची उत्तरक्रिया करायची नाही, असा राजवाड्याचा हुकूम होता. म्हातारी शवागारात पडून होती. उत्तरक्रियेला लोक येतात, हात हातात घेतात आणि 'ड्युए' म्हणतात. तुमचं दुःख ते आमचं दुःख, एवढाच त्याचा अर्थ. तो शब्द पोमाला अजून कुणी म्हटला नव्हता. तिला राजांचा राग नव्हता, रेडिओचा मात्र येऊ लागला होता.

"तुझ्या आईनं पण काय वेळ साधली गं!" शेजारीण फ्रेमा म्हणाली. "थेट राजांच्या पाठोपाठ!"

"जन्मभर नळावर रांग मोडून पुढं घुसायची," पोमा म्हणाली. "इथंच तेवढी थांबलीय बिचारी."

दोघी हसल्या. पोमाचा ठसा तिरका पडला.

दुपारी राजवाड्याचा माणूस घाईघाईने एका परदेशी दूताला घेऊन आला. दूत डोक्यापासून पायापर्यंत पांढराशुभ्र. त्याच्या देशात म्हणे शोकाला पांढरंच घालतात; इथे पांढरं घालतात ते बारशाला.

"अगं बाई!" फ्रेमाने तोंडावर हात ठेवला. "असे दरबारात गेला असतात, तर लोकांनी विचारलं असतं, बाळ कुठाय?"

बिचारा ओशाळला. पोमाने ठसे उठवलेलं गडद तांबडं वस्त्र काढलं, त्याच्या डाव्या खांद्यावरून नीट घेतलं, उजवा खांदा उघडा ठेवला.

"आता तिथं म्हणणार काय?" तिने विचारलं.

"सरकारचं पत्र आहे," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला.

"पत्र मागाहून. आधी हात धरायचा, तोंडाकडे बघायचं आणि 'ड्युए' म्हणायचं. करा बघू."

"कुणाचा हात धरू?"

"माझा धरा. समजा, मीच घरची. माझंच माणूस गेलंय."



दूताने पोमाचा रंगाने काळा झालेला हात दोन्ही हातांत घेतला. परीक्षेला बसल्यासारखा सावकाश म्हणाला, "ड्युए."

पोमाला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. दूत घाबरून राजवाड्याच्या माणसाकडे बघू लागला.

"काही चुकलं का माझं?"

"नाही हो," पोमा म्हणाली. तिने हात सोडला नव्हता. "पण एकदा म्हणून भागत नाही. पुन्हा म्हणा."