नीळ जास्त झालेला सिनेमा

ऑपरेटरचा दिवस पहाटे सव्वाचारला सुरू व्हायचा. पाच वाजता तो इस्पितळाच्या धुलाईखान्यात तपासणीच्या टेबलापाशी उभा असायचा. मी तिथेच बॉयलरवर होतो. मला त्याच्या अर्धा तास आधी यावं लागे, कारण वाफ नसेल तर मशीनं नुसती फिरतात.

त्याआधी बावीस वर्षं त्याने एका थिएटरात सिनेमाचं मशीन चालवलं होतं. थिएटर बंद पडलं, ऑपरेटर हे नाव तेवढं राहिलं. धुलाईखान्यात त्याचं काम असं: चादर दोनदा झटकायची, ट्यूबलाइटसमोर धरायची, डाग नसेल तर इस्त्रीच्या गरम रुळात पुढे, असेल तर परत टाकीत. एका पाळीत साडेसातशे चादरी. मी मोजल्या आहेत. खांद्याच्या उंचीवर हात धरून हे आठ तास करून बघावं, मग बोलावं.

शेवटच्या दोन वर्षांत त्याच्याकडून चादरी फार परत यायला लागल्या. शंभरातल्या पंचवीस-तीस.

"पिवळ्या राहिल्यात," तो म्हणायचा.

घडी घालणाऱ्या बायका वैतागायच्या. "अहो ऑपरेटरभाऊ, पेशंटला झोपायचंय तिच्यावर. बघायला पाहुणे येणार नाहीयेत."

"मी आंधळा नाही."

"आम्ही आहोत होय?"

मुकादमाने दोन-तीनदा साबण बदलून पाहिला. मी मात्र त्याची बाजू घ्यायचो. कामात एवढं नाक मुरडणारा माणूस मला आवडायचा.

सुट्टी रविवारी. रविवारी चार वाजता डिस्कच्या दुकानाच्या मागच्या खोलीत आम्ही दहा जण जमायचो. खोलीत एक मोठा टीव्ही, बारा खुर्च्या, त्यातल्या दोन मोडक्या. सगळ्यांना जुने सिनेमे जमवायचा नाद. कंपन्या जुने गाजलेले सिनेमे धुऊनपुसून हाय-डेफिनिशन डिस्कवर पुन्हा काढतात, त्यावर तिथे वाद चालायचे. चित्रातले मूळ फिल्मचे दाणे घासून टाकले, माणसांचे चेहरे मेणाचे झाले, कडेचं चित्र कापलं, आवाज नवा भरला. एकेका मुद्द्यावर दोन दोन रविवार. वाद घालण्यात पुढे असायचा तो वकील. तो कोर्टात कारकून होता, पण त्याचं तोंड बघून सगळे त्याला वकील म्हणत. त्याच्यासमोर टिकायच्या त्या एकट्या बाई, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्या भूमिती शिकवायच्या, आणि बोलायच्याही तशाच, पायरी पायरीने.

तिथे ऑपरेटरला मान होता. बाकीच्यांनी सिनेमे पाहिले होते, त्याने ते चालवले होते.

मग दीपगृहाचा सिनेमा आला. एके काळी तो ऑपरेटरच्या थिएटरात एकोणतीस आठवडे चालला होता. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको, समुद्रात गेलेला नवरा, आणि शेवटी ती पांढऱ्या कपड्यांत जिना चढत वर जाते. पायऱ्यांवर खिडकीतून उजेड पडलेला असतो. ती वर पोचायच्या आत सिनेमा संपतो. एवढंच. पण लोक त्या जिन्यासाठी पुन्हा पुन्हा यायचे.

दुकानदाराने डिस्क लावली. जिना आला तसा ऑपरेटर खुर्चीवरून उठला.

"हे चूक आहे. कपडे पांढरेशुभ्र होते. यांनी पिवळे करून ठेवलेत."

"मला तर ठीक वाटतात," बाई म्हणाल्या. "संध्याकाळचं ऊन आहे ते. ती दिवा लावायला चाललीय."

"पहाट आहे. दिवा विझवायला चाललीय. पांढरा उजेड होता, बाई. मी रोज चार वेळा बघत होतो."

"विझवायला चालली असेल तर तिने आशा सोडली. मग मागच्या प्रसंगात ती त्याच्यासाठी ताट का वाढून ठेवते?"

वकील हसला. "बाई, तुम्ही सिद्धांत मांडताय. हा माणूस साक्षीदार आहे."

"डिस्कच्या डब्यात लिहिलंय, रंग मूळ निगेटिव्हवरून घेतलेत."

"लिहिणारा कंपनीचा पगारी. ऑपरेटरसाहेब कुणाचे पगारी नाहीत."

हात वर करून मत घेतलं. नऊ विरुद्ध एक. मीही हात वर केला. मला रंग कळत होता असं नाही. ऑपरेटरचा शब्द होता, पुरे झालं. बाईंनी पर्स उचलली, छत्री उचलली, आणि त्या रविवारनंतर त्या आल्या नाहीत.

वकिलाने कंपनीला पत्र लिहिलं, तीन पानी. त्यात ऑपरेटरची साक्ष: इतकी वर्षं, इतके खेळ, हा माणूस शपथेवर सांगतो. त्याने ते पत्र गावोगावच्या शौकिनांना पाठवलं. चारशेच्या वर सह्या आल्या. एका वर्तमानपत्रात ऑपरेटरचा फोटो आला. मुकादमाने त्याचं कात्रण काढून टेबलामागे चिकटवलं. बायका म्हणाल्या, "आता तर चादरींचं काही खरं नाही."

आठ महिन्यांनी कंपनीने माघार घेतली. सुधारित डिस्क काढली, आणि जुनी पाठवा, नवी फुकट घ्या, अशी योजना जाहीर केली. आम्ही नऊ जणांनी आपापल्या डिस्क एका खोक्यात घालून पाठवल्या. परत आलेल्या जुन्या डिस्क कंपनी मोडीत काढते, हे आम्हाला ठाऊक होतं. आम्हाला त्याचा आनंदच झाला होता.

त्याच सुमारास मुकादमाने ऑपरेटरला डोळे तपासायला पाठवलं. चादरींसाठी नव्हे. तो वाफेच्या नळीला दोनदा धडकला होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, आणि तोही जुना. डॉक्टर म्हणाला, आधी उजवा करू, डावा वर्षाच्या आत. उजव्याचे पैसे त्याने साठवलेल्यातून भरले. डाव्यासाठी पुन्हा साठवायचे होते.

ऑपरेशननंतर पंधरा दिवसांनी तो कामावर आला. पहिली चादर ट्यूबसमोर धरली आणि तसाच उभा राहिला. मी वाफेचा काटा बघायला आत आलो होतो. त्याने डावा डोळा हाताने झाकला. मग उजवा झाकला. मग परत डावा.

"काय रे?"

"इकडे ये. ही चादर कशी दिसते?"

"पांढरी."

"पांढरी म्हणजे कशी?"

"चादरीसारखी. काय झालंय तुला?"

"या डोळ्याने पांढरी आहे," तो म्हणाला. "आणि या डोळ्याने कुणीतरी चहा सांडलाय."

मला काही कळलं नाही. तो सांगत राहिला. डॉक्टरला त्याने विचारलं होतं. मोतीबिंदू झालेला डोळा सगळं पिवळं करून दाखवतो. हळूहळू करतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. दोन वर्षं त्याने धुतलेल्या चादरी परत धुवायला लावल्या होत्या. त्याने हिशेब केला नाही, मी केला. दिवसाला दोनशे धरल्या तरी लाखाच्या वर चादरी, फुकट उचललेल्या, फुकट पिळलेल्या. बायकांचे हात होते त्यात, आणि माझी वाफ. मला त्याचा राग आला. तो त्या दिवशी चादरींबद्दल बोललाच नाही.

"मी डिस्क बघितली रात्री," तो म्हणाला. "सुधारलेली. नीळ जास्त झालेल्या कपड्यासारखी दिसते."

"मग?"

"मग पहिली बघायला पाहिजे."

पहिली कुणाकडेच नव्हती. आम्ही सगळ्यांनी बदलून घेतली होती. फक्त बाईंकडे असणार. तो मला बरोबर चल म्हणाला, एकट्याने जायचं त्याच्या जिवावर आलं होतं.

बाईंचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्या, पुस्तकं वर्तमानपत्रांच्या कव्हरांत. दार त्यांनीच उघडलं. ऑपरेटरने चपला काढल्या आणि उंबऱ्यापाशीच बोलायला सुरुवात केली.

"बसा आधी," त्या म्हणाल्या. "उभ्याने माफी मागितली की लवकर उरकते."

डिस्क लावली. जिना आला. पायऱ्यांवर ऊन होतं, उतरतं, थोडंसं मधासारखं. भिंतीवर तिची सावली लांब पडली होती. कपडे पांढरेच होते, पण संध्याकाळी पांढरे कपडे जसे दिसतात तसे. ऑपरेटरने एकदा डावा डोळा झाकला, एकदा उजवा. मग दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"दिवा लावायला चाललीय," तो म्हणाला.

"मी तेच म्हणत होते."

"मी एकोणतीस आठवडे लोकांना हेच दाखवत होतो, बाई. आणि मीच कंपनीला सांगितलं की हे खोटं आहे."

बाईंनी टीव्ही बंद केला. "तुमच्या डोळ्यांचा दोष होता. तुमचा नव्हता."

"सही माझी होती."

पुढच्या रविवारी तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि जे झालं ते सांगून मोकळा झाला. कुणी हसलं नाही. वकिलाने चष्मा पुसला.

"हे बघा ऑपरेटरसाहेब, तुमचे डोळे काहीही असोत. चारशे लोकांनी सह्या केल्या. सगळ्यांना मोतीबिंदू नव्हता."

"सगळ्यांनी माझ्या शब्दावर केल्या."

"आणि आता लोकांना नवीच आवडते," दुकानदार म्हणाला. "कालच तीन गेल्या. म्हणतात, काय स्वच्छ दिसतंय."

"नीळ आहे ती."

"असेल. खपते."

"तुम्ही पत्र लिहा," तो वकिलाला म्हणाला. "जसं आधी लिहिलंत तसं."

"काय लिहू? साक्षीदार फिरला? लोक तोंडात शेण घालतील आमच्या."

शेवटी पत्र ऑपरेटरने स्वतः लिहिलं, एक पान, बाईंनी शुद्धलेखन पाहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं. ग्राहकांच्या मागणीनुसार सुधारित आवृत्ती काढली आहे, तिसरी काढण्याचा विचार नाही. आपल्या आस्थेबद्दल आभार.

धुलाईखान्यात एक रीत होती. जी बॅच ज्याच्या हातून बिघडली, ती त्यानेच पाळी संपल्यावर पुन्हा धुवायची, ज्यादा वेळेचा पगार न मागता. ती रीत कुठे लिहिलेली नव्हती. मुकादमही पाळायचा.

ऑपरेटरने ती इथे लावली. चारशे जणांपर्यंत पोचणं त्याच्या हातात नव्हतं. पण आम्ही आठ जणांनी त्याच्या डोळ्यांदेखत आपल्या चांगल्या डिस्क खोक्यात टाकल्या होत्या. तशा आठ तो परत आणून देणार होता. बाईंना गरज नव्हती, स्वतःसाठी त्याला नको होती.

पहिली डिस्क आता मिळेनाशी झाली होती, त्यामुळे जुन्या बाजारात तिचा भाव चढला होता. एक डिस्क म्हणजे आमच्या अकरा पाळ्यांची मजुरी. तो रविवारी सकाळी निघायचा, जुन्या मालाची दुकानं पालथी घालायचा. डब्याच्या पाठीवरचा क्रमांक बघायचा, डिस्क काढून तिरकी धरून चरे बघायचा. ज्या डोळ्याने बघायचं तो उजवा. कधी दोन महिन्यांत एकही मिळायची नाही.

त्याच्या बायकोने मला जिन्यात गाठलं. "भावजी, तुम्ही तरी समजवा त्यांना. डाव्या डोळ्याच्या पैशांचा डबा रिकामा करतायत. परवा डावीकडच्या शेगडीवर दूध उतू गेलं तरी दिसलं नाही."

"सांगतो, वहिनी."

"सांगतो नका म्हणू. तुम्ही नुसतं सांगता आणि ते नुसतं ऐकतात."

मी त्याला म्हटलं, "आधी डोळा कर. डिस्क पळून जात नाहीत."

"जातायत. दर महिन्याला कमी होतायत."

"इस्पितळात फुकटच्या यादीत नाव घाल."

"घातलंय. दीड वर्षाची रांग आहे."

"आणि तोवर?"

"तोवर एक आहे ना."

सात जणांना त्याने डिस्क नेऊन दिल्या. दोघांनी घेतल्या आणि लगेच विकल्या, हे नंतर कळलं. मी त्याला सांगितलं नाही, दुकानदाराने सांगितलं. तो म्हणाला, त्यांची होती, त्यांनी विकली. वकिलाने दारातूनच सांगितलं, मला नको, मला नवी पसंत आहे. ऑपरेटरने ती त्याच्या बायकोच्या हातात दिली आणि जिना उतरला. पुढच्या रविवारी वकिलाने ऑपरेटरसाठी न मोडलेली खुर्ची पुढे ओढली.

मधेच, चार डिस्क देऊन झाल्या तेव्हा, धुलाईखान्यात त्याला टेबलावरून काढलं होतं. एका डोळ्याने अंदाज चुकतो, चादर गरम रुळात जाता जाता त्याची बोटं वाचली होती. त्याला गाड्या ढकलायला दिल्या. ओल्या चादरींची गाडी शंभर किलोच्या आसपास भरते, आणि उताराला ती माणसालाच ढकलते. पगार तेवढाच राहिला, पाठ गेली. चिकटवलेलं कात्रण त्याने स्वतः काढलं.

आठवी डिस्क माझी होती. ती मिळायला चार महिने गेले. एका सोमवारी पाळी संपल्यावर तो बॉयलरच्या खोलीत आला आणि पिशवीतून डबा काढून माझ्या स्टुलावर ठेवला.

"मला नको," मी म्हणालो. "परत दे आणि पैसे घे. डोळा कर."

"तू हात वर केला होतास."

"मला रंगातलं काही कळत नाही, तुला माहीत आहे."

"म्हणूनच," तो म्हणाला. "तू माझ्या डोळ्यांनी बघितलं होतंस."

मी डबा घेतला. घ्यायला नको होता, असं माझी बायको आजही म्हणते. आठ डिस्क, एकेकीला अकरा पाळ्या, अठ्ठ्याऐंशी दिवसांची मजुरी. तिच्यातली पहिली निम्मी चादरी तपासून झाली, उरलेली गाड्या ढकलून. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन सत्तर दिवसांच्या मजुरीत झालं असतं.