जिंकलेला सामना

मरीन परेड भागातल्या कॉन्डोत, म्हणजे आमच्या फ्लॅट्सच्या संकुलात, आमच्या शेजारी दक्षिण अमेरिकेतले एक फुटबॉल कोच राहत. बोलताना इंग्रजी शब्द अडला की हात हवेत धरून त्याची वाट पाहत. सहा देशांतल्या संघांनी आपल्याला कसं काढून टाकलं, हे ते हसत सांगायचे.

इथेही संघ हरतच होता. नोकरी ज्यावर टिकून होती, त्या सामन्यात त्यांनी गुडघा दुखावलेल्या खेळाडूला इंजेक्शन देऊन मैदानात उतरवलं. सामना जिंकला, पण तो खेळाडू कायमचा लंगडा झाला.

आठवड्याने ते लिफ्टमध्ये भेटले.

"डॉक्टर नको म्हणत होते. मीच त्याला उतरवलं," ते म्हणाले. "आज राजीनामा दिला."

"दुसरा संघ मिळेल तुम्हाला," मी म्हणालो.

"मिळेल हो. त्याचीच भीती वाटते."