सांधा चुकलेला शनिवार

सेफेर उघडलं गेलं, सगळे उठून उभे राहिले, आणि एलोजींच्या खांद्यावरून वाकून मी चाचपडत पहिली ओळ वाचली. ओळ भलतीच होती.

खरं म्हणजे ओळ बरोबर होती, भलता होतो मी. पण ते त्या वेळी माझ्या तोंडून निघालं नाही, तेव्हा आधी सगळं क्रमाने सांगतो.

सेफेर म्हणजे आमचा धर्मग्रंथ. कातड्याच्या लांब गुंडाळीवर हाताने लिहिलेला. त्याला बोट लावायचं नाही, चांदीची काडी ओळीवरून फिरवत वाचायचं. त्यात स्वरांच्या खुणा नसतात. मराठी पानावरचे सगळे काना, मात्रा आणि वेलांट्या पुसून टाकल्या आणि 'आता वाच' म्हटलं तर आपली जी गत होईल, ती सेफेरपुढे नवशिक्याची होते. ग्रंथाचे वर्षभराच्या शनिवारांना पुरतील असे भाग पाडलेले आहेत. अमक्या शनिवारी अमका भाग, सगळ्या जगात तोच.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी. सोलापुरात आमची घरं थोडी. कोणी रेल्वेत, कोणी गिरणीत, आणि मी शाळामास्तर. स्टेशनच्या बाजूला भाड्याच्या दोन खोल्यांत आमचं प्रार्थनास्थान होतं. जुनी माणसं त्याला मशीदच म्हणत. सेफेर होतं, पण वाचणारा नव्हता. सणासुदीला किंवा कोणी खास बोलावलं तर पुण्याहून हझान, म्हणजे प्रार्थना चालवणारे गृहस्थ, येत. एरवी शनिवारी आम्ही नुसती प्रार्थना म्हणून घरी जात असू. म्हणून मुकादमांनी, म्हणजे आमच्या जमातीच्या प्रमुखांनी, मोठ्या माणसांसाठी रविवार सकाळचा हिब्रू वर्ग काढला आणि तो माझ्या गळ्यात घातला. मला हिब्रू येत होतं का? छापील पुस्तकातलं, स्वरांच्या खुणांसकट, हळूहळू येत होतं. मुकादमांनी ते विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

एलोजी होटगी जंक्शनवर सांधेवाले होते. केबिनमध्ये उभं राहून लिव्हर ओढून रुळांचा सांधा बदलायचा आणि येणारी गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते ठरवायचं, ही त्यांची ड्यूटी. पंचेचाळिशी उलटलेली, बोलणं कमी. त्यांच्या घरात आजवर कोणी सेफेरमधून वाचलेलं नव्हतं. म्हाताऱ्या आईची एकच इच्छा उरली होती. नवऱ्याच्या बरसीच्या शनिवारी मुलाने उभं राहून सेफेर वाचावं आणि ते आपल्या कानांनी ऐकावं. बरसी तीन महिन्यांवर होती.

"मास्तर, होईल ना?" मुकादमांनी विचारलं.

मी म्हटलं, "होईल की."

आता माझ्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. आमच्या शाळेत वर्षातून एकदा डिपुटीसाहेब इन्स्पेक्शनला येत. ते वाचन घेत. मी प्रत्येक मुलाकडून एकेक पान आधीच घोकून घेत असे. साहेबांसमोर मुलगा पुस्तक उघडून धरी, बोट फिरवी आणि घडाघडा म्हणे. साहेब खूश, शेरा उत्तम. एका मुलाने तर पुस्तक उलटं धरून वाचलं होतं, तरी निभावलं. पंधरा वर्षांच्या नोकरीत हा उपाय कधी फसला नव्हता. तोच मी एलोजींना लावला.

पहिल्याच रविवारी त्यांनी विचारलं, "मास्तर, अक्षरं कवा सुरू करायची?"

मी म्हटलं, अक्षरांना वर्ष लागेल. मी मराठी लिपीत उच्चार लिहून देतो, तुम्ही पाठ करा.

"मंग ती काडी कशापायी फिरवायची?"

"लोकांसाठी," मी म्हणालो.

मी दिलेला कागद घडी घालून त्यांनी खिशात ठेवला. जाताना मात्र माझ्या छापील पुस्तकातली पहिली ओळ, अक्षर न अक्षर, एका चिठ्ठीवर उतरवून घेतली. मला वाटलं, हौस आहे.

कुठला भाग पाठ करायचा ते मी कॅलेंडर बघून ठरवलं होतं. आमचं कॅलेंडर दरवर्षी मुंबईहून छापून येई. वर्गाच्या भिंतीवर गेल्या वर्षीचं लटकत होतं. नवं मुकादमांच्या घरी होतं. ते मागायला गेलं की तासभर बसून त्यांच्या संधिवाताची हकीकत ऐकावी लागे. मी विचार केला, ग्रंथ तोच, सण तेच. बरसी पेसाहच्या, म्हणजे आमच्या वसंतातल्या सणाच्या, नंतरच्या चौथ्या शनिवारी येत होती; तो शनिवार बघितला, भाग लिहून घेतला, मोकळा झालो.

पण आपल्या पंचांगात असतो तसा आमच्यातही अधिक महिना असतो. तो आला की वर्षाचे शनिवार वाढतात, आणि एरवी जोडीने वाचायचे भाग सुटे करून वाचतात. गेलं वर्ष अधिकाचं होतं. हे वर्ष नव्हतं. म्हणजे त्या चौथ्या शनिवारचा भाग बदलला होता. हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेत मुलांना अधिक मास मीच शिकवीत असे.

मी निवडलेल्या भागात देवाने मोशेला सांगितलं आहे की सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा. मी अर्थ सांगितला तेव्हा एलोजी म्हणाले, "आमच्या होटगीत देवाला सांगायची गरज न्हाय. पाऊसच ती ठेवतो." तीन महिन्यांत मला आठवणारा त्यांचा हा एकच विनोद. बाकी वेळ ते घोकत होते. केबिनमध्ये, दोन गाड्यांच्या मध्ये. एकही उच्चार चुकेना. मला माझाच अभिमान वाटू लागला.

बरसीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी दुपारच्या गाडीने ते आईला घेऊन आले. म्हातारीने नवं लुगडं नेसलं होतं. पुण्याचे हझानसाहेबही आले. त्यांनी आपल्याकडचं चालू वर्षाचं कॅलेंडर बघून सेफेर योग्य जागी लावून ठेवलं. मी तिकडे फिरकलो नाही. शिकवणाऱ्याचं काम झालं होतं ना.

आणि शनिवारी सकाळी सेफेर उघडलं. जमीन पडीक ठेवायच्या जागी तिथे याजकांचे नियम होते.

त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, "थांबा, चूक माझी आहे." चार शब्द. समोर मुकादम उभे होते, सगळी जमात उभी होती. बायकांच्या बाजूला म्हातारी पुढे सरकून, कानामागे हात धरून उभी होती. एलोजींनी काडी ओळीवर ठेवली आणि क्षणभर थांबले. मान वळवून त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मग ते वाचू लागले. म्हणजे म्हणू लागले. आवाज खणखणीत, एक उच्चार इकडचा तिकडे नाही. काडी याजकांच्या नियमांवरून फिरत होती आणि तोंडातून पडीक जमीन निघत होती. दुसऱ्या वाक्याला हझानसाहेबांनी डोळे वर केले. एलोजींकडे नाही, माझ्याकडे. पण अडवलं नाही. एलोजींचं संपल्यावर ते पुढे झाले आणि त्या दिवसाचा भाग पहिल्यापासून स्वतः वाचला. लोकांना वाटलं, बरसीनिमित्त जादा वाचन चाललं आहे. म्हातारी पदराने डोळे पुसत होती.

नंतर मलिदा वाटला, म्हणजे आमच्यातले खोबरं आणि गूळ घातलेले गोड पोहे. मुकादमांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. हझानसाहेब पोह्यांची बशी घेऊन माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"कॅलेंडर कुठलं वापरता, मास्तर?"

"गेल्या वर्षीचं."

"अधिकाचं."

"हो."

"बरं," असं म्हणून त्यांनी पोह्यांचा घास घेतला. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी एलोजी वर्गाला आले. आईला होटगीला पोचवून, परत गाडी पकडून आले होते. बाकीचे यायचे होते. आभार मानायला आले असतील असं मी स्वतःला सांगून बघितलं.

ते बाकावर बसले. खिशातून ती चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. अक्षरं पुसट झाली होती.

"ही ओळ मी केबिनच्या भिंतीवर खडूनं लिवून ठेवली हुती, मास्तर. रोज बघायचो. काल तितं पयला शब्दच येगळा हुता."

मी चिठ्ठी हातात घेतली.

"सांधा चुकला हुता न्हवं?"

"हो," मी म्हटलं. "मी चुकवला."

"आमच्यात सांधा चुकीचा दिसला की सिग्नल पाडत न्हाईत. गाडी बाहेर हुबी करत्यात. मला हुबं ऱ्हायाला पायजे हुतं. पन माय समोर हुती. आन तुमचं तोंड बघितलं मी." मग म्हणाले, "मला एकच सांगा. बापासाठी मी काल जे म्हनलं, ते वाचन झालं का न्हाय?"

मी मास्तर. उत्तर देणं हा माझा धंदा. पण खोटं बोलायचं धैर्य उरलं नव्हतं.

"न्हाय झालं," त्यांनीच सांगितलं. मग पाटी पुढे ओढली. "लावा मंग. आलेफ."

आलेफ हे पहिलं अक्षर. त्या दिवशी मी त्यांना हेही सांगून टाकलं की खुणा नसलेलं सेफेर मलाही धड वाचता येत नाही. त्यांनी नुसती मान हलवली, जणू हेही त्यांना कधीचं दिसलं होतं. वर्षभर आम्ही दोघे शिकलो. पुष्कळदा ते माझ्या पुढे असत. शाळेतलं घोकणंही मी बंद केलं. त्या साली डिपुटीसाहेबांनी शेरा मारला, 'वाचन कच्चे.' पंधरा वर्षांतला पहिला खरा शेरा.

पुढच्या बरसीला एलोजी पुन्हा सेफेरपुढे उभे राहिले. हझानसाहेब शेजारी होते. एलोजींनी काडी ठेवली, पहिला शब्द न्याहाळला, मग उच्चारला. दुसरा. तिसऱ्याला अडखळले, मागे गेले, पुन्हा वाचलं. कपाळावर घाम आला होता. दहा-बारा वाक्यांना इतका वेळ लागला की मुकादम दोनदा खोकले. पण प्रत्येक शब्द काडीखालचा होता. हझानसाहेबांनी या खेपेला काही पुन्हा वाचलं नाही.

बाहेर आल्यावर म्हातारीने मला गाठलं.

"मास्तर, गेल्या साली कसं पान्यावानी म्हनला हुता माझा एलोजी. औंदा लई अडकला. तुमचं ध्यान न्हाय दिसत शिकवन्यात."

एलोजी तिच्या मागेच उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून अगदी बारीक मान हलवली. सांगू नका.

"व्हय, काकी," मी म्हटलं. "माझंच चुकलं."

त्या चार शब्दांतली कबुली म्हातारीपुढे मी एक वर्ष उशिरा दिली, आणि तेही चुकीच्या वाचनाबद्दल नाही, बरोबर वाचनाबद्दल. तेव्हापासून दर नव्या वर्षाला कॅलेंडर आणायला मी स्वतः मुकादमांकडे जाऊ लागलो. तासभर बसायचो. त्यांचा संधिवात मला पाठ झाला आहे.